भरतकामाच्या दोऱ्यांसाठी 36 खणांचा डबा, वापरून बघितल्यावरचं मत

आधीच सांगते, भरतकाम किंवा क्रॉस स्टिच नियमित करत असाल तर हा डबा घ्याच, फक्त सोबत जे प्लॅस्टिकचे बॉबिन (दोरा गुंडाळायच्या चपट्या पट्ट्या) येतात ते बाजूला ठेवा आणि जाड पुठ्ठ्याचे वेगळे आणा. पारदर्शक प्लॅस्टिकचा चपटा डबा आहे, आत 36 खण, पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत क्राफ्टच्या सामानात मिळाला, तीनशेच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण याच साच्याचे डबे वेगवेगळी लेबलं लावून विकतात.

घेतला कशासाठी तर मावसबहिणीच्या लग्नाचं रुखवत. एकाच वेळी दोन कामं चालू होती, आयडा कापडावर (क्रॉस स्टिचचं चौकटी मोजता येणारं कापड) तुळशीवृंदावन आणि खणाच्या ब्लाउजच्या बाह्यांना कर्नाटकी कशिद्याचा, म्हणजे कसुतीचा काठ, आणि लड्या सगळ्या एका पिशवीत. सहापदरी दोऱ्याची लडी साधारण 8 मीटरची असते, तिच्यावरचा कागदी पट्टा एकदा निघाला की रंगाचा नंबर गेला, आणि नंबर गेला की तोच हिरवा परत आणायचा म्हणजे दुकानात पाच हिरवे उजेडात धरून बघत बसायचं. त्यात अँकर आणि डीएमसी या दोऱ्याच्या दोन कंपन्यांचे नंबर वेगवेगळे, काळा अँकरमध्ये 403 तर डीएमसीमध्ये 310, आणि जुळवणीचे तक्ते मिळतात खरे पण ते जवळपासचाच रंग सांगतात, अगदी तोच नाही.

म्हणून माझ्या मते या डब्याची खरी किंमत खणांत नाही, बॉबिनच्या डोक्यावर लिहिलेल्या नंबरात आहे. लडी उघडली की आधी नंबर लिहायचा, मगच गुंडाळायची. खणात मी नंबरानेच लावलेत, रंगाने नाही. रंगाने लावलं की डबा दिसतो छान, फोटोही छान येतो, पण नमुन्याच्या तक्त्यावर नंबर दिलेला असतो आणि शोधताना आपण नंबरच शोधतो. एका खणात तीन बॉबिन आरामात बसतात, म्हणजे शंभराच्या वर रंग एका डब्यात आले, घरी भरणाऱ्या माणसाला पुष्कळ झाले.

आता तक्रारी. सोबतच्या प्लॅस्टिक बॉबिनच्या कडा नीट घासलेल्या नाहीत, दोऱ्याचे पदर त्यात अडकतात आणि तंतू निघतात, दोनच पदर घेऊन भरताना ते लगेच दिसतं. दुसरं म्हणजे झाकण आणि खणांच्या भिंती यांच्यात फट राहते, डबा उभा धरला की बॉबिन शेजारच्या खणात सरकतात, प्रवासाला न्यायचा असेल तर झाकणाच्या आतून पातळ फोमची शीट कापून बसवा, काम होतं. खटका माझ्या डब्याचा सैल आहे, मैत्रिणीचा त्याच दुकानातला पण घट्ट बसतो, तेव्हा घेताना दुकानातच चार वेळा उघडबंद करून बघा.

रेशमाचा आणि जरीचा दोरा यात ठेवू नका. बॉबिनवर घट्ट गुंडाळलं की रेशमाला घड्या पडतात आणि जरीचा दोरा मोडतो, ते दोन्ही रिळावरच बरे. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी टाकते मी एका खणात, सुया मात्र डब्यात अजिबात नाही, गंजतात आणि गंजाचा डाग सुती दोऱ्याला लागला की जात नाही. डबा पारदर्शक असल्यामुळे खिडकीपाशी ठेवायचा नाही, उन्हाने रंग उतरतात, माझा कपाटात असतो.

चालू कामाचे दोरे मात्र मी डब्यात ठेवत नाही, हे महत्त्वाचं. प्रत्येक कामाला एक झिपची पिशवी, त्यात कापड, रिंग, तक्ता आणि लागतील तेवढेच बॉबिन. काम संपलं की बॉबिन परत आपापल्या खणात. शिवाय एक छोटी वही आहे, त्यात प्रत्येक नंबराचा बोटभर दोरा चिकटवलाय आणि पुढे लिहिलंय किती उरलाय, दुकानात जाताना तीच वही पर्समध्ये.

याचा फायदा कशिद्यात सगळ्यात जास्त झाला. कशिद्यात गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे चार टाके, धागे मोजून घालायचे, गाठ मारायची नाही, आणि गवंती तर दोन्ही बाजूंनी सारखी दिसायला हवी, त्यामुळे लक्ष सगळं मोजण्यात लागतं आणि मध्येच उठून लाल दोरा शोधायला गेलं की मोजणी चुकतेच. आता पिशवी उघडली की सगळं समोर असतं, संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी एक ओळ पुढे जाते. वृंदावन पूर्ण झालंय, फ्रेमला दिलंय, एका बाहीचा काठ झालाय, दुसऱ्या बाहीवर गोपुराचा नमुना चालू आहे.

पाचपैकी चार देईन, एक त्या बॉबिनसाठी कापला. क्रोशाच्या लोकरीसाठी मात्र हा डबा घेऊ नका, खण फारच लहान आहेत. आणि कुणाला पुण्यात पुठ्ठ्याचे बॉबिन सुटे मिळत असतील तर दुकान सांगा, माझे संपत आलेत.