स्मार्ट ट्रेनरवर अख्खा ऑफ-सीझन : मशीन उत्तम, अडॅप्टर भिकार

डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनर म्हणजे मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात ते घरात सरावाचं मशीन. इर्ग मोड म्हणजे ठरवलेले वॅट (पेडलवरची ताकद) राखायला मशीनने प्रतिकार आपोआप कमी-जास्त करणं. एवढं पुरे, थेट अडॅप्टरवर येतो.

एवढं धूड, आत जाडजूड फ्लायव्हील (जड फिरतं चाक), वॅट मोजण्यात ±१ टक्का अचूकतेचा दावा. आणि हे सगळं चालतं एका फडतूस काळ्या डबीवर. तिची वायर इतकी आखूड की डबी पडते नेमकी हँडलबारखाली, म्हणजे जिथे घाम टपकतो तिथेच. दीड तासाच्या राइडनंतर खाली डबकं होतं, हे सायकलवाल्यांसाठी वस्तू बनवणाऱ्यांना माहीत नसावं? व्हायचं तेच झालं. ऐन बेसच्या (हंगामाआधीच्या पायाभरणीच्या सरावाच्या) मध्यावर डबीचा दिवा विझला. या मॉडेलमध्ये वीज नसली की प्रतिकार जवळपास शून्य, नुसते पाय फिरवत बसायचं.

सर्व्हिसवाल्यांनी आधी सीरियल नंबर मागितला, मग बिल, मग विझलेल्या दिव्याचा व्हिडिओ. विझलेल्या दिव्याचा! शेवटी कळलं की अडॅप्टर ही 'अ‍ॅक्सेसरी', मशीनची वॉरंटी तिला लागू नाही. विकत हवा असेल तर तीन आठवडे थांबा. व्यायामशास्त्रज्ञ एडवर्ड कॉइल यांचा १९८४ चा अभ्यास आठवला. मुरलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण थांबवला, तेव्हा पहिल्या २१ दिवसांतच त्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) सुमारे ७ टक्के घसरला होता, मुख्यतः हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जाऊ लागल्यामुळे. अर्थात त्यांनी सगळंच सोडलं होतं. मी धावत होतो, स्क्वॉट मारत होतो. पण राग यायचा तो आलाच.

तीन आठवडे काही थांबलो नाही. व्होल्टेज तेवढंच, अँपिअर तितके किंवा जास्त, पिन त्याच मापाची आणि तिचे प्लस-मायनस जुळणारे, एवढं बघून दुसरा अडॅप्टर घेतला. कंपनीच्यापेक्षा कितीतरी स्वस्त, वर वायर लांब. याने वॉरंटी जाते का, असं विचारलंय, उत्तर नाही.

आता बाकीचं. सुरुवातीला मी इर्ग मोडवर फिदा होतो. वॅट ठरवा, गिअर विसरा, पाय चालवा. झोन टूच्या (सावकाश, बोलता येईल इतक्या जोराच्या) लांब राइडला अजूनही हेच म्हणेन, कारण तिथे जोर लावायची आपली हौस आडवी येते आणि मशीन ती येऊ देत नाही. पण जोरदार इंटरव्हलमध्ये मत बदललं. दमून केडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) ९० वरून ६० वर आला की तेवढेच वॅट राखायला पेडलवर दीडपट जोर लागतो. त्याने केडन्स आणखी पडतो, मशीन आणखी आवळतं, आणि शेवटी पाय चिखलात रुतल्यासारखे थांबतात. छोट्या स्प्रिंटला तर प्रतिकार वाढेपर्यंत अर्धा स्प्रिंट संपलेला असतो. नवं फर्मवेअर आल्यावर थोडा फरक पडला, पण थोडाच. आता इंटरव्हल रेझिस्टन्स मोडवर (मशीन वॅट राखत नाही, प्रतिकाराची पातळी ठरलेली), गिअर हाताने बदलत. इर्गमध्ये पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चाक) ठेवली तर फ्लायव्हील हळू फिरतं, चढासारखं वाटतं आणि आवाजही कमी. मोठी ठेवली की सपाट रस्त्याचा वेग जाणवतो.

अचूकतेबद्दल तक्रार नाही. माझा क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) पॉवर मीटर ट्रेनरपेक्षा थोडे जास्त वॅट दाखवतो. बरोबरच आहे: तो चेनच्या आधी मोजतो, ट्रेनर चेननंतर, आणि मध्ये दोन-तीन टक्के चेन-गिअरमध्ये जिरतात. म्हणून २० मिनिटांच्या टेस्टचे ९५ टक्के धरून एफटीपी (साधारण तासभर टिकवता येतील ते वॅट) काढताना ज्या यंत्रावर सराव करणार, त्याचाच आकडा धरा.

पंखा मात्र मोठाच हवा. तो नसेल तर वॅट तेच आणि हृदयाचे ठोके चढतच जातात, मग आपल्याला वाटतं बेस कच्चा राहिला. हेडसेट आणि स्टेमचे (हँडलबार धरणाऱ्या भागांचे) बोल्ट अधूनमधून पुसा, घामाचं मीठ तिथे शिरून गंज धरतो.

घ्यावा का? पाऊस, अंधार किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बाहेर पडता येत नसेल तर घ्या, आणि दुसरा अडॅप्टर त्याच दिवशी मागवा. आठवड्याला तीन वेळा बाहेर जाता येत असेल तर साधा व्हील-ऑन ट्रेनर (मागचं चाक न काढता रोलरवर टेकवायचा) पुरे, वाचलेल्या पैशात चांगले टायर येतील. माझा मी विकणार नाही. विकायला काढला तरी पहिला प्रश्न येणार, ओरिजिनल अडॅप्टर आहे का?