आधी गोळी, मग पीळ, मग कॅलिबर: टिक्का टी३एक्स व्हार्मिंट (.२२३ रेमिंग्टन, १:८)

अमेरिकेतल्या पूर्व वायोमिंगच्या कुरणांत प्रेअरी डॉगची (बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याची) वसाहत पसरली की गुरांच्या वाट्याचे गवत कमी होते, आणि बिळात पाय अडकून घोडा जायबंदी होईल ही तिथल्या रँचवाल्यांची कायमची धास्ती असते. त्यामुळे उन्हाळ्यात ते ओळखीच्या नेमबाजांना स्वतःहून बोलावतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे, म्हणून या विषयावर मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही. इथे स्थायिक झालेल्या आणि पहिली व्हार्मिंट रायफल (म्हणजे अशा लहान उपद्रवी प्राण्यांसाठीची रायफल) घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी मी माझ्या टिक्का टी३एक्स व्हार्मिंटचा हा अभिप्राय लिहीत आहे.

माझी पहिली खरेदी चुकली. जुनी .२२-२५० रायफल (.२२३ प्रमाणेच .२२-२५० हेही काडतुसाचे नाव) घेताना विकणाऱ्याने ‘यात कोणतीही गोळी चालते’ असे सांगितले आणि मी ते खरे मानले. ७५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचे माप) लांब गोळ्या शंभर यार्डांवर झाडल्या, तेव्हा कागदावर गोल भोकांऐवजी गोळीच्या आडव्या आकाराच्या चिरा उमटल्या होत्या. घरी येऊन साफसफाईच्या सळईला घट्ट चिंधी लावली, सळईवर खूण केली आणि ती नळीत हळूहळू सरकवली. खूण पूर्ण फिरून पुन्हा वर यायला १४ इंच लागले, म्हणजे नळीचा पीळ १:१४ (१४ इंचांत एक फेरा) होता आणि त्या लांब गोळ्यांना तो पुरत नव्हता. जुनी रायफल घेताना ही तपासणी दुकानातच करून घ्यावी, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

नळीतल्या आट्यांचा पीळ गोळीला फिरवतो, आणि किती पीळ हवा हे वजनापेक्षा गोळीच्या लांबीवर ठरते; जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्रही लांबी आणि व्यास यांवरच उभे आहे. गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट हवा, नाहीतर वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखी ती डुलू लागते. म्हणूनच शिसेविरहित तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब भरते आणि तिला जास्त पीळ लागतो. मेलेल्या प्रेअरी डॉगमधले शिशाचे कण गरुडांच्या पोटात जातात, हे ध्यानात घेता हा मुद्दा पुढे अधिकच महत्त्वाचा ठरणार आहे.

आता ज्या हिशोबामुळे माझे मत पालटले तो मांडतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा आणि ४०० यार्डांचे अंतर धरले, तर .२२३ मधून ३२४० फूट प्रतिसेकंद वेगाने सुटलेली ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स (लागताच फुटणारी गोळी) सुमारे २० इंच वाहते, .२२-२५० मधून ३६८० च्या वेगाने सुटलेली तीच गोळी सुमारे १७ इंच, आणि .२२३ मधूनच जेमतेम २८०० च्या वेगाने सुटलेली ७५ ग्रेनची ईएलडी-मॅच (लांब, निमुळती, हवेत वेग कमी गमावणारी नेमबाजीची गोळी) सुमारे १३ इंच. उभ्या प्रेअरी डॉगची रुंदी तीन-चार इंचच असते. गोळी किती खाली येणार हे अंतर मोजून दुर्बिणीवर लावता येते, वाऱ्याचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. म्हणून नुसत्या वेगापेक्षा अशी लांब गोळी झाडू देणारा १:८ चा पीळ मला मोलाचा वाटतो.

फिनलंडच्या साको कंपनीची ही टिक्का मी याच विचाराने घेतली. नळी जाड आहे, दस्त्याचा पुढचा भाग रुंद असल्याने वाळूच्या पिशवीवर ती हलत नाही, चाप साधारण २ ते ४ पौंडांच्या दरम्यान जुळवता येतो आणि बोल्ट ७० अंशांतच उघडत असल्याने दुर्बिणीतून नजर न काढता पुढची गोळी भरता येते. .२२३ मध्ये २५ ग्रेनच्या आसपास दारू जळते, .२२-२५० मध्ये त्याच्या जवळजवळ दीडपट. सकाळभरात शंभराहून अधिक गोळ्या झाडताना नळी किती तापते आणि किती लवकर झिजते, यात हा फरक ठळकपणे जाणवतो.

अडीचशे यार्डांपर्यंत मी ५३ ग्रेनची व्ही-मॅक्सच वापरतो, कारण ती लागताच फुटते, जनावर तडफडत नाही आणि गोळी जमिनीवरून उसळून पुढे जाण्याचा धोका घटतो. ७५ ग्रेनची मॅच गोळी तशी खात्रीने फुटत नाही, म्हणून मागे मातीचा उंचवटा नसेल तर ती झाडू नये. घट्ट पिळातून अतिपातळ कवचाच्या गोळ्याही टाळाव्यात. या नळीतून ३३०० च्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला जवळपास तीन लाख फेरे घेते, आणि त्या ताणाने नाजूक कवच हवेतच फाटू शकते.

बिळाच्या तोंडाशी दिसणारा प्रत्येक जीव प्रेअरी डॉग नसतो. बिळात राहणारी घुबडे तिथेच उभी असतात आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे दुर्बिणीतून ओळख पटेपर्यंत बोट चापावर नेऊ नये.

ज्याला तीनशे यार्डांच्या आतच, कमी वाऱ्यात आणि मोजक्याच गोळ्या झाडायच्या आहेत, त्याने .२०४ रूगर या काडतुसाची रायफल जरूर पाहावी. ३२ ग्रेनची गोळी ती ४२०० फुटांच्या वेगाने सोडते आणि धक्का इतका हलका असतो की गोळी कुठे लागली हे दुर्बिणीतूनच दिसते. माझी जुनी .२२-२५० अजून कपाटात आहे, ५५ ग्रेनची गोळी ती आजही उत्तम झाडते, आणि तिची नळी झिजली की मी तिला १:८ चीच नवी नळी बसवून घेणार आहे.