उमामीच्या रिसेप्टरसाठी जिवंत पेशी की इलेक्ट्रोड?

उमामी म्हणजे ग्लुटामेटची चव, आणि ती जिभेवर ओळखणारा रिसेप्टर टी१आर१ आणि टी१आर३ या दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो. ही जोडी हेक-२९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत बसवून, रिसेप्टर जागा झाला की पेशीतल्या वाढत्या कॅल्शियमने उजळणाऱ्या रंगद्रव्याची चमक मोजायची, की टी१आर१चा केवळ बाहेरचा, ग्लुटामेट पकडणारा भाग जिवाणूंकडून तयार करून घेऊन सोन्याच्या इलेक्ट्रोडवर बसवायचा, हा निर्णय या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला लवकरच घ्यावा लागतो. बडोद्यात मी दोन्ही करून पाहिले. पुढे जे लिहितो तो त्याच अनुभवाचा भाग आहे; दुसऱ्याच्या हाती निष्कर्ष वेगळा निघू शकेल.

सोयीच्या बाबतीत इलेक्ट्रोड सरस आहे, हे मान्य करतो. जिवाणूंत ते प्रथिन गोळा होऊन बसते आणि त्याची घडी पुन्हा नीट बसवून घ्यावी लागते, पण एवढे एकदा जमले की कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची चिंता उरत नाही आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये शिरणाऱ्या बुरशीचीही नाही. पेशींचे लाड मात्र पुष्कळ. पेशींच्या खाद्यात घातलेल्या सीरममध्ये (रक्तातल्या द्रवात) मुळातच ग्लुटामेट असते, माध्यमातल्या ग्लुटामाइनचे विघटन होऊन त्यात भर पडते, आणि त्यात सतत बुडून राहिल्याने प्रयोगाच्या वेळेपर्यंत रिसेप्टर सुस्तावलेला असतो. डायलिसिसने छोटे रेणू काढून टाकलेले सीरम आणि ग्लुटामाइनऐवजी त्याचे टिकाऊ रूप असलेले ग्लुटामॅक्स वापरल्यावर माझा हा त्रास बराच कमी झाला.

आयएमपीने (मांस-मासळीत आढळणाऱ्या इनोसिनेट या पदार्थाने) ग्लुटामेटची चव वाढवणे, म्हणजे उमामीची खरी ओळख, तत्त्वतः दोन्हीकडे दिसायला हवे. रिसेप्टरचा बाहेरचा भाग मिटणाऱ्या शिंपल्यासारखा असतो; ग्लुटामेट त्या शिंपल्याच्या बिजागरीजवळ बसते आणि आयएमपी तोंडाशी बसून शिंपला मिटलेला ठेवते. हे दोन्ही टी१आर१च्या बाहेरच्या भागातच घडते. त्यामुळे शुद्ध द्रावणांवर काम करणाऱ्याला इलेक्ट्रोडविरुद्ध माझी फारशी तक्रार ऐकवणार नाही.

माझी गाठ पडली ती टोमॅटोच्या साराशी. एका जुलैत रिसेप्टर बसवलेल्या इलेक्ट्रोडवर सार घातले आणि प्रतिबाधेचा (विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) आलेख इतका सुबक चढला, की मी तो दोन दिवस सर्वांना दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी केवळ बीएसए (गाईच्या रक्तातले एक साधे प्रथिन) लावलेला, रिसेप्टर नसलेला इलेक्ट्रोड त्याच सारात घातला, तर तोही जवळजवळ तसाच चढला. साराचे पेक्टिन, प्रथिने, जे काही असेल ते सोन्याला चिकटत होते. दोन आलेखांची वजाबाकी करून पाहिली, परंतु प्रत्येक इलेक्ट्रोडची मूळ पातळी वेगळी असल्याने रोज निराळेच उत्तर येई. खरा वैताग पुढेच होता: हा संकेत रिसेप्टरचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी रिसेप्टर तेवढा बंद करण्याचा उपाय माझ्यापाशी नव्हता. माणसाचा उमामी रिसेप्टर बंद करण्याचे हाताशी असलेले औषध म्हणजे लॅक्टिझोल, आणि ते बसते टी१आर३च्या पेशीपटलातल्या भागात. माझ्या इलेक्ट्रोडवर तो भागच नव्हता.

पेशींवर मात्र हीच शंका एका दुपारी मिटते. सार घातल्यावर दिसणारी चमक लॅक्टिझोलने मावळली तर ती रिसेप्टरची. न मावळली तर पेशी खारटपणाने किंवा आणखी कशाने चाळवली असे समजावे. उंदराचा टी१आर३ लॅक्टिझोलला दाद देत नाही, म्हणून जोडी माणसाचीच असावी, एवढे पाहावे. शिवाय पेशीची चमक ग्लुटामेट केवळ चिकटल्याची नसते, रिसेप्टर जागा झाल्याची असते, आणि माझ्या प्रश्नाला तेच हवे होते.

म्हणून शुद्ध ग्लुटामेट आणि आयएमपी यांचे रिसेप्टरला चिकटणे पाहायचे असेल तर इलेक्ट्रोड घ्यावा. स्वयंपाकघरातले काही तपासायचे असेल तर, माझे मत विचाराल तर, पेशी पाळाव्यात. सार मात्र सामू (पीएच) ७.४वर आणून, निदान दहापट पातळ करून आणि गाळूनच पेशींवर घालावे. पहिल्या खेपेस मी घाईने तसेच ओतले होते. पेशी चमकल्या नाहीत, तळापासून सुटून तरंगू लागल्या.