काचेचा मांडव घ्यायचाय? आधी छत आणि भिंत वेगळी करा

लोक मोबाइलवर फोटो दाखवून म्हणतात, "असाच काचेचा मांडव हवा." त्या फोटोत बऱ्याचदा काच नसतेच. वर ताणलेलं असतं ते पारदर्शक पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकचं कापड, आणि ते नवंकोरं असल्यामुळे काचेसारखं चमकतं. म्हणून भाव विचारण्याआधी आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवा. पुण्यात पर्याय तीन: छत आणि भिंती दोन्ही पारदर्शक पीव्हीसीच्या, छत पांढरं, झाकलेलं आणि भिंती काचेच्या, किंवा वरपासून खालपर्यंत खरी काच.

सांगाडा तिन्हींचा एकाच जातीचा. ज्याला आपले मांडववाले 'जर्मन हँगर' म्हणतात तोच: ॲल्युमिनियमच्या कमानी, मध्ये एकही खांब नाही, दर तीन किंवा पाच मीटरला एक गाळा. पूर्ण काचेच्या मांडवाला मात्र तोच सांगाडा बराच जाड लागतो, आणि बिलात ते दिसतं.

हिशेब सुरू होतो उन्हापासून. समजा २० बाय ४० मीटरचा मांडव आहे, म्हणजे साधारण ८,६०० चौरस फूट, चारशे पानांचा. एप्रिलच्या भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॉट ऊन पडतं आणि साधी पारदर्शक काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. ८०० चौरस मीटरच्या छतातून येणारी ही उष्णता काढायलाच एकशे ऐंशी टनांच्या आसपास एसी लागतो. घरातले दीड टनाचे एकशे वीस एसी डोळ्यांसमोर आणा. चारशे माणसांच्या अंगाची उष्णता त्यापुढे फक्त चौदा-पंधरा टनांची. छत झाकलं, आतून कापडी अस्तर लावलं की हा एकशे ऐंशीचा आकडा लहानशा हिश्श्यावर येतो. उरते पश्चिमेची भिंत. ४० मीटर लांब, साडेतीन मीटर उंच काचेवर पाच वाजताचं तिरपं ऊन आलं तर तिचे वीसेक टन धरा. गोरज मुहूर्त असेल तर ऐन मंगलाष्टकांत सूर्य भटजींच्या डोळ्यांत जातो. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून मांडव उभा करता आला तर पश्चिमेला फक्त २० मीटरची आखूड बाजू येते आणि त्रास निम्म्यावर येतो. हे प्लॅन काढतानाच बघावं. टेबलं मांडून झाल्यावर मांडव फिरवता येत नाही.

थंडीतलं रात्रीचं रिसेप्शन असेल तर उष्णतेचा प्रश्न नाही, पण दुसरा उभा राहतो. बाहेर १०-१२ अंश आणि आत चारशे जणांचे श्वास, शिवाय जेवणाची वाफ. एकेरी काच किंवा पीव्हीसी आतून ओली होते. मुळशीकडच्या एका फार्महाऊसवर डिसेंबरात फेट्यांवर थेंब पडायला लागले तेव्हा मुलाचे काका छत्र्या आणायला धावले होते. आकाश निरभ्र होतं. हवा खेळती ठेवली आणि छताला थोडी उब दिली तर हे टळतं, पण ते कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

रात्री काचेतून बाहेरचं दिसत नाही हेही ऐकून घ्या. आत झगमगाट आणि बाहेर अंधार असला की काच आरसा होते. 'ताऱ्यांखाली जेवण' म्हणून पैसे मोजायचे आणि वर बघावं तर आपलंच झुंबर. बाहेरची झाडं खालून उजळा, आतले दिवे मंद ठेवा, मग भिंतीतून बाग दिसते. छतातून तारे दिसायला मात्र आत जवळजवळ अंधार करावा लागेल.

आता वजन. १० मिलिमीटर काचेचा एक चौरस मीटर २५ किलोचा. आपल्या मांडवाचं छत त्यात केलं तर नुसती काच २० टन, पीव्हीसीत तेच पाऊण टनाच्या आसपास. काच डोक्यावर असेल तर लॅमिनेटेडच हवी, म्हणजे दोन काचांमध्ये फिल्म चिकटवलेली. फुटली तरी मधली फिल्म तुकडे धरून ठेवते. नुसती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच बारीक तुकड्यांनी खाली येते, आणि ती क्वचित कुणी हात न लावताही फुटते.

वाऱ्याचं गणित याच्या उलट आहे, तिथे हलकं छत उचललं जातं. आयएस ८७५ या मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे तासाला १४० किलोमीटर धरलाय. तात्पुरत्या बांधकामाला त्यात सूट असते, तरी आकडा शंभरच्या वरच राहतो. वळवाच्या पावसाआधी येणारी वावटळ पाहिलेल्या माणसाला तो जास्त वाटणार नाही. कापडी कनात पटकन सोडता येते, काचेची भिंत नाही. वाऱ्याच्या बाजूचं एकच दार उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा छताला खालून ढकलते. पुण्याच्या आसपास बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम नाहीतर काळा पाषाण लागतो, खुंट्या जातच नाहीत. मग प्रत्येक पायाला काँक्रीटचे ठोकळे किंवा पाण्याच्या टाक्या. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन.

म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यावरच्या लॉन्सवर खऱ्या काचेचा नाद सोडा. तिथे सकाळची पार्टी निघाली की संध्याकाळची दारात असते, आणि काचेला हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन लागते, उभारायला काही दिवस लागतात. पानशेत-मुळशीकडे स्वतःची किंवा आठवडाभर मिळणारी जागा असेल तरच विचार करा, आणि ट्रक आत वळतो का ते आधी पाहून या.

माझी पसंती सरळ आहे: पांढरं छत, काचेच्या भिंती, आणि लाजाहोमासाठी शेजारी छोटा कापडी मांडव. बंद काचेत होमाचा धूर कोंडतो, एसी चालू असला तर जास्तच. सनई आतही वाजवता येते, पण काचेवर आवाज आपटून घुमतो, म्हणून खाली गालिचा आणि वर अस्तर हवंच. पारदर्शक पीव्हीसी छत मी फक्त सूर्यास्तानंतरच्या कार्यक्रमाला सुचवते, तेही गोडाऊनमध्ये जाऊन कापड उलगडून बघितल्यावर. जुनं पीव्हीसी पिवळं पडतं आणि घडीच्या रेघा जात नाहीत.

पूर्ण काचच हवी असेल तर तारीख डिसेंबर-जानेवारीची धरा. आगाऊ रक्कम देण्याआधी इंजिनिअरच्या सहीचं वाऱ्याचं आणि पायाचं गणित कागदावर मागा, 'शंभरचा वारा सहज सोसतो' हे तोंडी नको. आणि काचेवर कमरेच्या उंचीला झेंडूची माळ सोडायला सांगा, नाहीतर पहिल्या तासात एक तरी मूल धावत येऊन त्यावर आपटतं.