नव्या घरातलं पहिलं गोड: शेगडीवर, फ्रिजमध्ये की ओव्हनमध्ये?

नव्या शहरात अर्धी खोकी अजून बंद असतानाच घरी काहीतरी गोड करावंसं वाटतं. जरूर करावं. फक्त कुठल्या पद्धतीने, हे आधी ठरवायला हवं. पातेल्यात ढवळून, फ्रिजमध्ये सेट करून, की ओव्हनमध्ये भाजून? जुन्या घरी हा प्रश्न निव्वळ आवडीचा होता. नव्या घरी शेगडीची आच, फ्रिजचा गारवा, दुकानात मिळणारा मैदा, यांतलं काहीच अजून अंगवळणी पडलेलं नसतं. म्हणून मी एकच कसोटी लावते: करता करता चूक दिसते का, आणि दिसली तर तिथल्या तिथे सावरता येते का?

या कसोटीवर तिन्ही पद्धतींत मोठा फरक पडतो. पातेल्यातलं गोड शेवटपर्यंत आपल्या हातात असतं. फ्रिजमध्ये चूक उशिरा कळते, पण बहुतेक वेळा दुरुस्त होते. ओव्हनचं दार एकदा लावलं की करण्यासारखं फार काही उरत नाही.

शेगडी: सुरुवात इथूनच

पहिल्या आठवड्यांत मी शेगडीच सुचवेन, आणि त्याचं कारण साधं आहे. रोजचा स्वयंपाक तिच्यावरच होणार असतो, त्यामुळे तिची आच तुम्हाला ओव्हनच्या कितीतरी आधी कळलेली असते. वेगळं काही शिकावं लागत नाही.

त्यातही सर्वांत भरवशाचं म्हणजे कॉर्नफ्लोअर घातलेलं कस्टर्ड. अर्धा लिटर दुधाला ३० ते ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर लागतं. ३० ग्रॅमला ओतता येईल असं होतं, ४० ग्रॅमला गार झाल्यावर चमच्याने कापता येतं. कॉर्नफ्लोअर नेहमी थोड्या गार दुधात कालवून घ्यावं, गरम दुधात कोरडं टाकलं की गाठी होतात. उकळी आल्यावरही मिनिटभर ढवळत राहावं, कारण उकळीच्या जवळ पोचल्याशिवाय कॉर्नफ्लोअरचा दाटपणा पूर्ण उतरत नाही आणि कच्चा वासही जात नाही. फार दाट झालं तर दूध घाला, पातळ राहिलं तर थोडं कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून पुन्हा उकळी आणा. अनोळखी शेगडीवर हवी ती सवलत नेमकी हीच.

नुसत्या अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड चवीला अधिक रेशमी असतं, पण ते एवढी मोकळीक देत नाही. साधारण ८० अंशांना ते दाटायला लागतं आणि ८५ च्या पुढे गेलं की फाटतं. मधली जागा जेमतेम पाच अंशांची. आच ओळखीची होईपर्यंत ते लांबणीवर टाका, किंवा बलकासोबत थोडं कॉर्नफ्लोअर घाला. स्टार्चमुळे अंडं लगेच फाटत नाही आणि मिश्रणाला उकळीही आणता येते. किंबहुना ती आणायलाच हवी: बलकातलं एक एन्झाइम स्टार्च तोडत राहतं, आणि उकळी नीट आली नसेल तर रात्री घट्ट दिसलेलं कस्टर्ड सकाळी पाणी सुटून पातळ झालेलं असतं.

नव्या घरात गॅसऐवजी इंडक्शन असेल तर दोन गोष्टी पाहा. भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो का? चिकटत नसेल तर ते भांडं तापणार नाही. आणि कमी पातळीवर शेगडी सलग तापते की थांबून थांबून? बऱ्याच साध्या इंडक्शन शेगड्या मंद आच देतात म्हणजे मधूनमधून चालू-बंद होतात. चालू असताना जोर पूर्ण असतो, आणि पातळ तळाच्या पातेल्यात दूध तेवढ्यात तळाला लागतं. जाड बुडाचं एक पातेलं ही नव्या घरासाठी माझ्या मते सगळ्यांत शहाणी खरेदी आहे.

साखरेचा पाक किंवा कॅरमल करायचं असेल तर शहर कुठे वसलंय याचा विचार करावाच लागतो. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. १५०० मीटरवरच्या शहरात पाणी ९५ अंशांनाच उकळतं. जो पाक समुद्रसपाटीला ११४ अंशांना मऊ गोळी धरतो (म्हणजे गार पाण्यात टाकल्यावर त्याची बोटांनी दाबता येईल अशी गोळी होते), तो तिथे १०९ च्या आसपासच त्या टप्प्याला येतो. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा, १०० पेक्षा जितका कमी आकडा येईल तितके अंश कृतीतून वजा करा. थर्मामीटर नसेल तर वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून बघणं उंचीवरसुद्धा तेवढंच खरं ठरतं. दमट हवेच्या शहरात मात्र कडक कॅरमल आणि मेरिंग (अंड्याचा पांढरा भाग साखरेसह फेटून केलेला कुरकुरीत पदार्थ) तूर्त बाजूला ठेवावं. साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि कुरकुरीत पदार्थ काही तासांत चिकट होतो. तिथे कॅरमलचा सॉस करावा, त्याला चिकट होण्याची भीती नाही.

वाफ: ओव्हन नसेल तर

हिच्याकडे फार कमी लोक वळतात, याची मला खंत वाटते. प्रेशर न धरणाऱ्या साध्या भांड्यातली वाफ पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नाही, त्यामुळे शेगडी कितीही अनोळखी असली तरी तापमानाला आपोआप मर्यादा पडते. केक वाफवला तर वरून लालसर होत नाही, भाजल्याचा तो वास येत नाही, पण आतून ओलसर आणि मऊ होतो. भांड्याच्या तोंडावर कापड ताणून झाकण ठेवलं की वरून थेंब पडत नाहीत. अंड्याच्या कस्टर्डसाठी आच मंद हवी आणि झाकण किंचित तिरकं, नाहीतर जोराच्या वाफेने त्यात जाळी पडते. उंचावरच्या शहरात वाफही कमी तापमानाची असते, म्हणून वेळ थोडा जास्त धरा.

फ्रिज: भांडी कमी, वाट पाहणं जास्त

दिवसभर कागदपत्रं आणि धावपळ असेल तर हा मार्ग सोयीचा. रात्री दहा-पंधरा मिनिटं काम, दुसऱ्या दिवशी गोड तयार. इथे खरी निवड असते ती जिलेटिन आणि अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, यांच्यात.

जिलेटिन कोमट द्रवातही विरघळतं आणि तोंडात ठेवल्यावर वितळतं. पोत फार सुरेख येतो. पण त्याला चांगला गार फ्रिज आणि कित्येक तास लागतात, आणि उकाड्यात बाहेर काढलं की ते ढिलं पडायला लागतं. अगर उकळावं लागतं, पण ४० अंशांखाली उतरलं की फ्रिजशिवायही घट्ट होतं, आणि एकदा घट्ट झालं की ८५ च्या आसपास गेल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. पोत जरा कडक, चावल्यावर तुटणारा. अर्धा लिटर दुधाला ३ ते ४ ग्रॅम अगर पावडर पुरते. जास्त झाली तर रबरासारखं लागतं.

नव्या घरासाठी मी अगर निवडेन. फ्रिज भाड्याच्या घरासोबत आलेला असतो, तो किती गार करतो ते माहीत नसतं. आत रात्रभर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून पाहा. ४ अंशांच्या आसपास आकडा आला तर उत्तम, ८ किंवा १० दिसला तर दुधाचे आणि अंड्याचे पदार्थ त्यात दोन दिवस ठेवायचा विचारही करू नका. शिवाय जिलेटिन प्राणिजन्य आहे. नव्या ओळखीतला माणूस काय खातो हे ठाऊक नसताना अगर हा सुरक्षित पर्याय. फळांचंही तसंच: न शिजवलेला अननस, पपई किंवा किवी घातला तर जिलेटिन घट्टच होत नाही, कारण या फळांतली एन्झाइम्स त्यातलं प्रथिन तोडतात. अगरला त्याने काही होत नाही. जिलेटिनच वापरायचं असेल तर फळ आधी शिजवून घ्या.

बिघडलं तर? दोन्ही पुन्हा गरम करून, दूध वाढवून किंवा थोडं जास्त जिलेटिन अथवा अगर घालून, परत सेट करता येतात. मूस किंवा फेटलेल्या क्रीमच्या पदार्थांत ही सोय नाही, आतली हवा गेली की गेली. क्रीम घेताना डब्यावरचं स्निग्धांशाचं प्रमाण वाचा. ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ते फेटून उभं राहत नाही, ३५ च्या आसपास असेल तर निर्धास्त फेटा. नव्या शहरात ओळखीचा ब्रँड मिळत नाही तेव्हा हा आकडाच कामाला येतो.

ओव्हन: थोडं थांबून

मला भाजलेलं गोड मनापासून आवडतं, आणि तरीही पहिल्या महिन्यात ओव्हनच्या मागे लागू नका असंच सांगेन. ओव्हनचं बटण १८० दाखवतं तेव्हा आत १६० किंवा २०० असू शकतं. मागचा कोपरा पुढच्यापेक्षा जास्त तापतो. ओव्हन तापत असल्याचं दाखवणारा दिवा विझला म्हणजे फक्त हवा तापली, भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात, त्यामुळे आणखी दहा मिनिटं थांबणं बरं. आत ठेवायचा स्वस्तातला थर्मामीटर यातला बराचसा अंदाज संपवतो.

साहित्यही दगा देऊ शकतं. मैद्यात प्रथिनं किती यावर केकचा पोत ठरतो: ८ ते ९ टक्के असतील तर मऊ, १२ च्या वर असतील तर तो चिवट होतो, तसा मैदा पावासाठी ठीक. पाकिटावर हा आकडा असतो. बेकिंग पावडर किती दिवस दुकानात पडून होती हे कळायला मार्ग नसतो, म्हणून चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहा. जोराने फसफसली तर जिवंत आहे. उंच शहरात हवेचा दाब कमी असल्याने केक आधी भराभर फुगतो आणि मग मध्ये बसतो. १००० मीटरच्या वर बेकिंग पावडर थोडी कमी करा, द्रव थोडा वाढवा.

मापांचा घोळही ओव्हनमध्येच सर्वाधिक महाग पडतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी २०० चा. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा, बाकी बहुतेक ठिकाणी १५ चा. कस्टर्डमध्ये हा फरक ढवळता ढवळता भरून निघतो, केकमध्ये नाही. वजनकाटा घ्या आणि ग्रॅममधल्याच कृती निवडा. भांड्याचंही असंच: २३ सेंटीमीटरचा गोल साचा २० च्या साच्यापेक्षा नुसता थोडा मोठा वाटतो, पण त्याचं क्षेत्रफळ जवळपास एक तृतीयांश जास्त असतं. तेच मिश्रण त्यात पातळ पसरतं आणि लवकर कोरडं पडतं.

एवढं असूनही ओव्हनचा एक मोठा गुण आहे. बिस्किटं किंवा साधा केक डब्यातून नेता येतो, त्याला गारवा लागत नाही, तो सांडत नाही. नव्या शेजाऱ्यांना, कामाच्या ठिकाणच्या लोकांना काही द्यायचं असेल तर भाजलेल्या गोडाला तोड नाही. कस्टर्ड किंवा क्रीमचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये, मग तो प्रवासात आणि टेबलावर किती वेळ टिकणार? तेव्हा स्वतःसाठी किंवा घरी आलेल्या एक-दोघांसाठी करायचं असेल तर शेगडी. आठवडाभर थोडं थोडं खायला हवं असेल तर बिस्किटं. पुष्कळ लोकांशी ओळख करून घ्यायची असेल तर ओव्हन शिकून घेणं सार्थकी लागेल. अशा वेळी डब्यावर अंडी, दूध, गहू, सुकामेवा यांतलं काय काय आहे ते लिहून द्यावं. अनोळखी माणूस ॲलर्जीबद्दल विचारायला संकोचतो.

ओव्हन विकत घ्यायचाच असेल तर आणखी एक निवड उरते. नुसता मायक्रोवेव्ह केक शिजवतो पण लाल करत नाही. कन्व्हेक्शन (पंख्याने गरम हवा फिरवण्याची सोय) असलेला मायक्रोवेव्ह कमी जागेत दोन्ही कामं करतो, फक्त आतली फिरती थाळी साच्याचा आकार ठरवते. सुटा टेबलावरचा ओव्हन भाजायला जास्त चांगला, पण लहान असेल तर वरची तार केकच्या फार जवळ येते आणि आत कच्चं असतानाच वर करपतं. दुकानात जाताना तुमचा २० सेंटीमीटरचा साचा सोबत न्या. तो आत ठेवल्यावर चारही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर मोकळे आणि वर फुगायला जागा राहत असेल, तरच तो ओव्हन घ्या.