तमारिंदोत सर्फबोर्ड भाड्याने घेताय? आधी उलटा करून बघा

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या. 318 डॉलर. आपले साधारण सत्तावीस हजार रुपये. तेही एका स्टिकरपायी.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. मुलाच्या सुट्टीत पाच दिवस कोस्टा रिकाला, ग्वानाकास्ते प्रांतातल्या तमारिंदोला गेलो होतो. पॅसिफिकच्या काठचं सर्फिंगचं गाव, लिबेरिया विमानतळावरून गाडीने सव्वा तास. तमारिंदो म्हणजे चिंच. दात आंबवूनच परत आलो.

पहिल्या दिवशी शिकवणी लावली. मऊ फोमच्या बोर्डवर मी तीनदा उभा राहिलो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यात हवा जायला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड भाड्याने घ्यायला गेलो तर दुकानातला पोरगा म्हणाला, "तुम्ही नवशिके वाटत नाही. फोमचा कशाला? हा फायबरग्लासचा घ्या." झालं, तिथेच माझी विकेट पडली. (फोमच्या बोर्डला सहजासहजी भेग पडत नाही. फायबरग्लासच्या बोर्डला, म्हणजे आत फोम आणि वर कडक कवच असतं त्याला, पडते. नवशिके असाल तर नवशिकेच राहा.)

भाडं दिवसाला 25 डॉलर, तीन दिवसांचे 75. अनामत म्हणून त्याने पासपोर्ट मागितला. पासपोर्ट द्यायचा नाही एवढं मला कळत होतं, म्हणून मी 400 डॉलर रोख ठेवले आणि वर स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो. कार्डाने दिले असते तर निदान बँकेशी भांडता आलं असतं. पावती स्पॅनिशमध्ये होती. "कसलंही नुकसान झालं तर भरपाई ग्राहकाने द्यायची" ही ओळ मी सही केल्यावर तिसऱ्या दिवशी वाचली.

आता ते स्टिकर. बोर्डच्या खालच्या बाजूला, फिनच्या (शेपटाकडच्या कल्ल्याच्या) जवळ, टुकान पक्ष्याचं. बाकीचा बोर्ड उन्हाने पिवळा पडलेला, ओरखड्यांनी भरलेला आणि हे एकटंच कोरं, चकचकीत. मी त्यावरून अंगठा फिरवला. खाली खडबडीत लागलं, चक्क लागलं! आणि मी काय केलं? बायकोला म्हणालो, "बघ, टुकान किती मस्त आहे." दुकानातला पोरगा मोबाइलवर फोटो काढत होता, पण फक्त वरच्या, मेण लावलेल्या बाजूचे. मी खालचा फोटो काढायला लागलो तर त्याने हसत बोर्ड माझ्या काखेत दिला आणि म्हणाला, "पुरा विदा!" (तिकडे उठता-बसता म्हणतात, 'मजेत जगा' अशा अर्थाने.) पुण्यात मीटरच्या दोन रुपयांवरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालणारा मी, समोर समुद्र दिसल्यावर गप्प बसलो. सकाळची वेळ, भरती चांगली, मुलगा घाई करतोय. तुम्ही तरी काय केलं असतं?

चौथ्या दिवशी संध्याकाळी बोर्ड परत केला. त्याने बाकी कुठेही पाहिलं नाही. सरळ हात स्टिकरवर. टर्रकन ओढलं. खाली बोटभर लांब भेग आणि आतला फोम चहात बुडवलेल्या पावासारखा. दुरुस्तीचे 180, आणि दुरुस्ती होईपर्यंत बोर्ड पाच दिवस पडून राहणार म्हणून त्याचं भाडं 125. एकूण 305. उरलेले 95 डॉलर त्याने कोलोनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात दिले, तेही डॉलरला 430 च्या भावाने. बाहेर भाव 500 च्या आसपास होता. म्हणजे जाता जाता आणखी 13 डॉलर खाल्ले.

दोन गल्ल्या सोडून एक बोर्ड दुरुस्त करणारा आहे. तो म्हणाला, ताजी भेग असेल तर आतला फोम पांढरा दिसतो. पिवळा-तपकिरी झाला म्हणजे पाणी आत मुरून बरेच दिवस झालेत. आणि एवढ्या कामाचे तो 40 डॉलर घेतो.

हेच मी किनाऱ्यावर सायकलवरून फिरणाऱ्या दोघा गणवेशवाल्यांना सांगितलं. त्यांनी पावती पाहिली, माझी सही पाहिली, आणि म्हणाले हा दोघांमधला व्यवहार आहे, चोरी नाही. बरं, मग चौकी. चौकीवर म्हणे तक्रार इथे नाही, दुसऱ्या गावातल्या कार्यालयात. तिथे टॅक्सीने गेलो, जाऊन-येऊन 60 डॉलर (हे वरच्या 318 मध्ये धरलेले नाहीत, लाज वाटते म्हणून). तिथल्या बाईंनी तास-दीड तास बसवलं आणि मग सांगितलं की जबाब स्पॅनिशमध्ये लागेल, दुभाषा तुमचा तुम्ही आणा, उद्या दहानंतर या. उद्या सकाळी आठला माझं विमान! हे त्यांना ठाऊक नसतं का? पर्यटकाच्या हातात परतीचं तिकीट असतं, ह्याच भांडवलावर तर हा सगळा धंदा चालतो. म्हणून सांगतो, घेतलेली वस्तू शेवटच्या संध्याकाळी परत करू नका, एक दिवस हाताशी ठेवा. घरी आल्यावर ईमेलने तक्रार केली. 19 दिवसांनी उत्तर आलं, स्पॅनिशमध्ये: आपला संदेश मिळाला आहे.

मागच्या आठवड्यात बायकोच्या मोबाइलमध्ये एक फोटो सापडला. पहिल्यांदा पाण्यात उतरण्याआधीचा, वेळ 8:42. बोर्ड माझ्या काखेत, खालची बाजू कॅमेऱ्याकडे, स्टिकरचा कोपरा उचललेला आणि त्याखाली तपकिरी भेग स्पष्ट दिसतेय. मी दात काढून हसतोय. तो फोटोही पाठवला. परत तेच उत्तर, आपला संदेश मिळाला आहे.