‘नवा’ म्हणून गळ्यात मारलेला जुना एसएमपीएस

संगणकाचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) जुना झाला, आता तो बंद पडताना मदरबोर्डही जाळूनच जाईल, असे सांगून चालू स्थितीतला एसएमपीएस काढून घ्यायचा आणि त्या जागी चकचकीत खोक्यातला ‘नवा’ बसवून द्यायचा, हा प्रकार मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात माझ्या बाबतीत घडला. तेथे सचोटीने धंदा करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे दोष त्या एका दुकानाचाच.

माझा जुना एसएमपीएस एका नामांकित कंपनीच्या कार्यालयीन संगणकातला होता. त्यावर ३०० वॉट लिहिले होते, आणि नवे ग्राफिक कार्ड बसवायचे असल्याने तो पुरेल का, एवढेच मला विचारायचे होते. दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलेदेखील नाही. ‘साहेब, एवढ्यात काय होणार, हा घ्या ५०० वॉटचा,’ असे म्हणत त्याने जुना एसएमपीएस एक्स्चेंजमध्ये जमा करून घेतला. नव्याची चाचणी मात्र माझ्यासमोर केली: हिरवी आणि काळी तार जोडली, पंखा फिरला, मल्टिमीटरने १२ व्होल्ट दाखवले. वास्तविक, लोड नसताना, म्हणजे वीज ओढणारे भाग जोडलेले नसताना, अगदी सुमार एसएमपीएसही १२ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे या चाचणीवरून तो वीजपुरवठा करू शकतो एवढेच कळते, किती करू शकतो हे कळत नाही.

काही आठवड्यांतच व्हिडिओचे काम सुरू केले की संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी लोडवर मोजले, तेव्हा १२ व्होल्टची लाइन ११.२ पर्यंत उतरत होती. पाच टक्क्यांची मुभा धरली तरी ती ११.४ च्या खाली जाता कामा नये. त्यांनी एसएमपीएस उघडला (हे घरी करू नये, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही सुमारे ३२५ व्होल्टचा साठा राहू शकतो). पंखा नवा होता, पण त्यामागच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या खाचांत घट्ट बसलेली धूळ होती, दोन कपॅसिटरची डोकी फुगली होती आणि आयसीवर (चिपवर) ११२२ हा आकडा होता, म्हणजे ती २०११ सालच्या बाविसाव्या आठवड्यातली. विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरच्या कॉइलच्या जागी नुसत्या तारेचे तुकडे डकवलेले होते. नवे म्हणावे असे त्यात पंखा आणि स्टिकर एवढेच होते.

त्या स्टिकरवरही खरी गोष्ट बारीक अक्षरांत छापलेली होतीच. ठळक ‘५०० वॉट’च्या खाली १२ व्होल्टसमोर १२ अँपिअर होते, गुणाकार केला तर १४४ वॉट. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड जवळजवळ सगळी वीज याच लाइनवरून घेतात, त्यामुळे उरलेले वॉट कागदावरच राहतात. माझ्या जुन्या ३०० वॉटच्या एसएमपीएसवर याच लाइनला २१ अँपिअर होते, म्हणजे २५२ वॉट. जुन्याचे कपॅसिटर कधीतरी सुकतात हे खरे, आणि मागच्या जाळीतून जळका वास येऊ लागला किंवा डोकी फुगलेली दिसली तर तो बदललाच पाहिजे. पण तसे काही नसताना केवळ वयावरून त्याला बाद ठरवणे हा निव्वळ विक्रेत्याचा कावा आहे. शिवाय चांगल्या कंपनीचा ४५० वॉटचा नवा एसएमपीएस हजाराच्या आत मिळत नाही, आणि याने तर एक्स्चेंज वजा करून आठशेच मागितले होते.

परत गेलो तेव्हा ‘आमचा माल कशावरून?’ असे ऐकावे लागले, कारण हाती दिलेल्या कच्च्या चिठ्ठीवर ना मॉडेल होते, ना सिरियल नंबर. जुना एसएमपीएस तोवर ‘टेस्टेड’ म्हणून विकलाही गेला होता. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि उघडलेल्या एसएमपीएसची छायाचित्रे जपून ठेवली आहेत. तुम्ही खरेदी कराल तेव्हा सिरियल नंबर लिहिलेले पक्के बिल हाती पडेपर्यंत जुना एसएमपीएस दुकानात ठेवू नका, आणि खोके उघडण्याआधी स्टिकरवरील १२ व्होल्टची ओळ दुकानदारालाच मोठ्याने वाचायला सांगा.